आपल्या माणसांबद्दल रोज देवाचे आभार कसे मानावेत: पौलाच्या पत्रांवरून एक पद्धत

फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने पत्र लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. तरी पत्रात नमस्कार झाल्याबरोबर तो सांगतो की तुमची आठवण येते तेव्हा तेव्हा मी माझ्या देवाचे आभार मानतो. हे वचन आपण उपदेशांत इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची रचना नजरेतून सुटते. पौल आभार देवाचे मानतो, विशिष्ट माणसांबद्दल मानतो, आणि मानले हे त्या माणसांना कळवतो.

आपल्या घरांत यातली पहिली गोष्ट नेमाने होते, दुसरी ढोबळपणे होते आणि तिसरी सहसा होतच नाही. "प्रभू, माझ्या कुटुंबाबद्दल तुझे आभार," एवढं म्हणून आपण पुढच्या मागण्यांकडे वळतो. आज देवापुढे आपलं नाव कुणीतरी कृतज्ञतेने घेतलं हे बायकोला, भावाला, सुनेला कधी समजतच नाही. मला हे फार मोठं नुकसान वाटतं, कारण प्रेम आहे आणि प्रार्थनाही आहे, फक्त दोन्हींची गाठ पडत नाही. ती पडावी म्हणून ही पद्धत. रोजची दहा मिनिटं आणि एक साधी वही पुरते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांत ती चालते. जिथे फरक पडेल तिथे सांगेन.

आधी नावं लिहून काढा

वही घेऊन बसायच्या आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचा. वाचनात आपण तो भरभर उरकतो, कारण वरवर पाहता ती नावांची यादीच आहे. पण वीसच्या वर माणसांना पौल तिथे नावानिशी सलाम सांगतो, आणि अनेकांच्या नावापुढे एखादी ओळ जोडतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली होती. मरिया आणि पर्सिस यांनी पुष्कळ श्रम केले. रूफसची आई तर त्यालाही आईच होती. ती त्याच्यासाठी नेमकं काय करत असे हे पौलाने लिहिलेलं नाही, तरी गावोगाव फिरणाऱ्या, स्वतःचं घर नसलेल्या माणसाने कुणाला तरी आई म्हटलं एवढ्यावरून बरंच समजतं.

तुमची यादी अशीच करा. प्रथम घरातली माणसं. मग रक्ताची पण दूर राहणारी: मुंबईतली बहीण, दुबईतला मुलगा, गावाकडची आत्या. मग मित्र. त्यानंतर थोडं थांबून रूफसच्या आईसारखी माणसं आठवा, म्हणजे ज्यांच्यावर तुमची कसलीही जबाबदारी नव्हती आणि तरी ज्यांनी तुम्हाला आपलं मानलं. बाळंतपणात डबा आणून देणारी शेजारीण, नोकरी गेली तेव्हा रोज फोन करणारा जुना सहकारी, संडे स्कूलमध्ये पहिली प्रार्थना शिकवणाऱ्या बाई.

मग ही नावं आठवड्याच्या वारांवर वाटून टाका. जोडीदार आणि मुलं रोज हवीशी वाटतील, ते ठीक आहे. त्यांच्याशिवाय दिवसाला दोन नावं पुरेत. यापेक्षा जास्त घेतली तर प्रार्थना हजेरीसारखी होते. रविवार मंडळीतल्या माणसांसाठी ठेवा. पाळकांचं किंवा फादरांचं नाव आपोआप येईल. पेटी वाजवणारे, चर्च झाडणारे, दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाणारे यांची नावं मुद्दाम लिहावी लागतील.

वेळ आधीच्या सवयीला जोडा

नवी वेळ काढायला गेलात तर ती आठ दिवसांत हातची जाते. जी प्रार्थना घरात आधीच होते तिलाच हे जोडा. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असेल तर तिच्या आधीची पाच मिनिटं घ्या. वसईत किंवा गोव्यात ज्या घरांत रात्री जपमाळ म्हणतात, तिथे पाच भागांपैकी प्रत्येक दहा मण्यांआधी एका माणसाचं नाव घेऊन तो भाग त्याच्याबद्दलच्या कृतज्ञतेने अर्पण करता येतो. एकटे राहत असाल तर झोपण्यापूर्वीची वेळ उत्तम.

रात्रीची वेळ मी सुचवते त्याला आणखी एक कारण आहे. लोयोलाचे संत इग्नाती यांनी दिवसाचं आत्मपरीक्षण करण्याची जी रीत घालून दिली, ती १५४८ साली छापलेल्या त्यांच्या साधनापुस्तकात आहे. त्या परीक्षणाची पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. आपल्या चुकांचा हिशोब त्यानंतर येतो. हा क्रम प्रोटेस्टंट वाचकांनीही जरूर घ्यावा. दिवसाकडे आधी चुकांच्या बाजूने पाहिलं की घरातल्यांच्या चुकाही सोबत वर येतात, आणि मग आभार मानायचं मन राहत नाही.

डोळे मिटून सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवा. कोण आधी उठलं? चहा कुणी टाकला? दाराशी कोण काय म्हणालं? दुपारी कुणाचा फोन आला? जिथे कुणाचं प्रेम हाताला लागेल तिथे थांबा.

वाक्य नेमकं लिहा

सगळ्यात जास्त लक्ष या पायरीकडे द्यावं लागतं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या आरंभी पौल आभार मानतो ते कशाबद्दल, हे बघा: त्यांच्या विश्वासाचं काम, प्रीतीने केलेले श्रम आणि आशेमुळे आलेली सहनशीलता. विश्वास, प्रीती आणि आशा या तिन्ही आतल्या गोष्टी, पण पौल त्यांचं बाहेर दिसलेलं रूप पकडतो. काम, श्रम, तग धरणं. आपणही तेच पकडायचं.

वहीतल्या नोंदीत चार गोष्टी असाव्यात: माणसाचं नाव, त्याने आज किंवा अलीकडे काय केलं, त्यासाठी त्याला काय सोसावं लागलं, आणि त्यात मला देवाचं काय दिसलं. "आईबद्दल आभार" ही नोंद नव्हे. नोंद अशी: "आई. काल रात्री माझा खोकला ऐकून उठली. गुडघे दुखत असताना आल्याचा काढा केला, काही न बोलता उशाशी ठेवून गेली. मागण्याआधी देणारा तू, मला तिच्यात दिसलास." किंवा: "दादा. बाबांच्या दवाखान्याचं बिल त्याने भरलं आणि बाबांसमोर त्याचा उल्लेखही केला नाही. त्याचा स्वतःचा हप्ता या महिन्यात अडला आहे हे मला वहिनीकडून कळलं. डाव्या हाताला कळू न देता देणं म्हणजे काय ते आज पाहिलं."

तिसरी गोष्ट, म्हणजे समोरच्याला काय सोसावं लागलं, ती वगळू नका. लांबून पाहिलं तर घरातली सगळी कामं आपोआप होताना दिसतात. कुणाची झोप गेली, कुणी स्वतःचं काम मागे ठेवलं, हे लिहायला लागलं की त्यामागचं माणूस दिसतं. न केलेल्या गोष्टीही नोंदीत येऊ शकतात, आणि घरात त्या बऱ्याचदा जास्त मोलाच्या असतात: नवऱ्याने रागाचा शब्द गिळला, सासूबाईंनी पाहुण्यांसमोर चूक झाकली, मुलाने मागचं भांडण पुन्हा उकरलं नाही.

रोज त्याच माणसाबद्दल नवं काय लिहायचं, असा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात पडतो. तेव्हा १३६वं स्तोत्र उघडा. त्याच्या २६ ओवींत देवाची दया सनातन आहे हे धृपद प्रत्येक वेळी येतं, पण धृपदाआधीचं कृत्य बहुतेक वेळा वेगळं असतं. आकाश, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, अरण्यातली वाट, आणि शेवटी सर्व प्राण्यांना मिळणारं अन्न. आपल्या वहीतही नाव तेच राहील, कृत्य बदलत जाईल. एखाद्या दिवशी त्या माणसाचं एकही कृत्य आठवलं नाही, तर ओढूनताणून लिहू नका. आपण आज त्याच्याकडे नीट पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. वहीत नाव लिहा, पुढची जागा कोरी सोडा आणि उद्या पाहा.

नोंद खरी असावी. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत नारायणरावांचा तापटपणा, विसरभोळेपणा आणि पैशांबाबतची बेफिकिरी मोकळेपणाने लिहिली आहे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं हे जोडपं वेगळं राहिलं, ते दुःखही त्यांनी लपवलेलं नाही. तरी त्या आठवणी वाचताना त्यांचं नवऱ्यावरचं प्रेम पानापानावर जाणवतं. माणूस आहे तसा समोर ठेवून त्याच्याबद्दल कृतज्ञ राहता येतं. वहीतला नवरा देवदूत झाला, तर घरातल्या खऱ्या नवऱ्याशी त्या वहीचा संबंध तुटतो.

देवापुढे म्हणताना

नोंद मोठ्याने किंवा मनात देवापुढे वाचा. मग त्या माणसासाठी एकच मागणं मागा. फिलिप्पैकरांस पहिल्या अध्यायात आभारानंतर पौल हेच करतो: तुमची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने अधिकाधिक वाढत जावो, अशी त्याची प्रार्थना आहे. मागणं त्यांच्या वाढीसाठी आहे, पौलाच्या सोयीसाठी नाही. इथे आपण सहज घसरतो. "प्रभू, ह्यांना थोडी शिस्त दे," ही प्रार्थना कृतज्ञतेच्या वेळेत नको. तिला दुसरी वेळ आहे.

साधा नमुना देते. "स्वर्गातल्या बापा, शीतल तू मला दिलीस. आज ऑफिसातून दमून आल्यावरही तिने माझ्या आईच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या. तिच्या धीरात मला तुझा धीर दिसला. तिच्या मनाला आज रात्री विसावा दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन." एवढं पुरेसं आहे. शीतलच्या जागी तुमच्या माणसाचं नाव घ्या.

त्या माणसाला सांगा

घरच्यांचे आभार मानणं मराठी घरात परकेपणाचं वाटतं. "आपल्यात कसले आले आभार?" हे वाक्य प्रेमानेच म्हटलं जातं आणि त्यातला जिव्हाळा खरा आहे. म्हणून बायकोसमोर उभं राहून औपचारिक आभार मानायचा सल्ला मी देणार नाही. पौलाची रीत इथे कामी येते, कारण ती त्या संकोचाला वळसा घालते: "काल रात्री प्रार्थनेत तुझ्याबद्दल देवाचे आभार मानले. आईच्या औषधांचं तू किती लक्ष ठेवतेस, ते." यात आभार देवाचे आहेत, त्यामुळे समोरच्याला "अगं, त्यात काय!" म्हणून झटकून टाकता येत नाहीत. बोलणाऱ्यालाही अवघड जात नाही.

दुसरा सोपा मार्ग जेवणाआधीच्या प्रार्थनेचा. अन्नाबद्दल आभार मानतोच, तिथे ज्या हातांनी ते रांधलं त्या हातांचं नाव घ्या. सून असो, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असोत, किंवा सुट्टीच्या दिवशी खिचडी करणारे बाबा असोत. स्वयंपाक करणाऱ्याच्या कानावर ते पडतंच.

सांगताना बोलणं त्या माणसाबद्दल असू द्या, स्वतःच्या सोयीबद्दल नको. सारा ॲल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जोडप्यांवरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं. आभार मानणाऱ्याने "माझं काम सोपं झालं" असं म्हणण्यापेक्षा समोरच्याच्या गुणाचं कौतुक केलं, तर ते आभार अधिक भिडतात, असं त्यात दिसून आलं. "तू होतीस म्हणून माझी मीटिंग बुडाली नाही" यापेक्षा "तू किती शांतपणे सगळं निभावलंस" हे बरं. संकोच होत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली होती. पत्र वाचून समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त निघाला, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी निघाला.

काही पथ्यं पाळा. आभाराच्या शेपटीला काम जोडू नका. "तू किती छान करतेस, तर आता एवढंही कर" म्हटलं की आधीचं सगळं वाया जातं. चार लोकांसमोर सांगण्याआधी एकट्यात सांगा. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर लिहिणं हा प्रत्यक्ष सांगण्याला पर्याय नाही. आणि प्रत्येक नोंद सांगायलाच हवी असंही नाही. आठवड्यातून एका माणसाला एक गोष्ट सांगितलीत तरी घरातला सूर बदलायला लागतो.

वडीलधाऱ्यांशी बोलणं जड वाटत असेल तर पत्र लिहा. चार ओळी, आपल्या हाताने. वडिलांच्या पिढीतल्या पुरुषांना तोंडावर ऐकायची सवय नसते, पण कागद ते जपून ठेवतात.

नातं दुखरं असेल तेव्हा

करिंथच्या मंडळीत तट पडले होते, कोर्टकचेऱ्या चालू होत्या, प्रभुभोजनातही गरिबांचा अपमान होत होता. तरी त्यांना लिहिताना पौल आभारानेच सुरुवात करतो. फक्त कशाबद्दल ते नीट बघा: त्यांना लाभलेलं वक्तृत्व आणि ज्ञान. त्यांच्या प्रीतीबद्दल आभार तो मानत नाही, कारण तिथे प्रीतीचीच वाण होती; तेराव्या अध्यायात ती त्यांना शिकवावी लागते. गलतीकरांना लिहिताना तर आभाराचा भागच नाही, तो थेट विषयाला हात घालतो. म्हणजे खोटी कृतज्ञता पौलालाही मान्य नव्हती. ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याच्याबद्दल जे खरं आहे तेवढंच लिहा: "लहानपणी त्याने मला सायकल शिकवली." एका ओळीवर थांबलात तरी चालेल. काही दिवस ओळ सापडली नाही तर नाव घेऊन फक्त मागणं मागा.

फिलिप्पैच्या पत्रातही युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटत नव्हतं. चौथ्या अध्यायात पौल दोघींची स्वतंत्र नावं घेऊन एकमनाने राहण्याची विनंती करतो आणि लगेच आठवण देतो की यांनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर श्रम केले आहेत. समेटाला बसण्याआधी समोरच्याचं एक खरं चांगलं काम स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहा, मग बोलायला जा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने वेदीजवळचं दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. त्या वाटेवर ही एक ओळ सोबत असू द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायलाच हवी. घरात मारहाण, धमक्या किंवा लैंगिक जबरदस्ती होत असेल, तर "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन गप्प बसण्यासाठी कुणी तुमच्यापुढे ठेवू नये, आणि तुम्हीही ते स्वतःपुढे ठेवू नका. सर्व स्थितीत आभार मानायचे म्हणजे अन्यायाबद्दल आभार मानायचे नव्हेत. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, मुलांसाठी १०९८. कृतज्ञतेची वही त्यानंतर उघडली तरी देवाला चालते. मदत करणाऱ्या माणसांची नावं तिच्या पहिल्या पानावर येतील.

मुलं, दूरची माणसं, गेलेली माणसं

मुलांना वही देऊ नका. झोपताना एकच प्रश्न विचारा: "आज तुझ्याशी कोण चांगलं वागलं?" मग त्या माणसाचं नाव घेऊन तुम्हीच एका वाक्याची प्रार्थना म्हणा. काही दिवसांनी मूल स्वतः म्हणू लागतं. उत्तर "कुणीच नाही" आलं तर तेही नीट ऐका. शाळेत काही बिनसलं असेल तर ते असंच बाहेर येतं. तीमथ्याला लिहिताना पौलाला त्याच्या आजीचा, लोईसचा, आणि आईचा, युनीकेचा विश्वास आठवतो. मुलांसमोर त्यांच्या आजी-आजोबांची नावं अशीच घेत चला.

परदेशातल्या मुलांसाठी वारानुसार ठरलेल्या दिवशीच फोन करा. त्या दिवशी सकाळी नोंद लिहिलेली असली की "जेवलास का?" याच्या पुढे बोलायला काहीतरी हाताशी असतं.

गेलेल्या माणसांची नावंही यादीत ठेवा. कॅथलिक घरांत २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावून त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी मागणं मागण्याची रीत नाही, पण त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायला कुणाचीच हरकत नसते. पहिल्या वर्षी दुःख ताजं असताना रोज नाव घेणं झेपत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा घ्या, आणि रडू आलं तर येऊ द्या.

वर्षअखेरीला

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला किंवा मिस्साला जाण्यापूर्वी अर्धा तास काढून वही पहिल्यापासून वाचा. दोन गोष्टींच्या खुणा करा. ज्या नोंदी त्या माणसाला सांगायच्या राहिल्या त्यांच्यापुढे एक खूण, आणि वर्षभरात ज्यांच्या नावापुढची जागा बहुतेक वेळा कोरी राहिली त्यांच्यापुढे दुसरी. पहिल्या खुणेच्या माणसांना नववर्षाच्या शुभेच्छांचा फोन करताना ती नोंदच वाचून दाखवा. दुसऱ्या खुणेच्या माणसांकडे जानेवारीत जाऊन या. सकाळी जा, जेवायला थांबा, घाई करू नका.